पहिल्या चरणाचा मान

पेणकरपाडा,
माघ वद्य पंचमी

॥ श्रीगावदेवी प्रसन्न ॥

जिच्या कृपेने श्वासाचा स्वर होतो आणि स्वराचा शब्द, त्या आदिमायेला प्रथम वंदन. तिच्या चरणांशी बुद्धी ठेवून मग लेखणी हाती घेतली आहे. जे उमटेल ते तिला मान्य व्हावे.

चि. काशीनाथ यास दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. चि. सौ. चंद्रावती व चि. क्षितिजा यांसही.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पेणकरपाड्याहून शेजारच्या शांती नगरला टपाल धाडावे लागावे, इतके का आपण दूर गेलो आहोत? पण माझ्यापुढे दुसरा मार्ग नाही. डबा आणणारी बाई हे टपालपेटीत टाकील.

पौषातल्या त्या पहाटे देवळात जे घडले ते मला गुणवंत पुजाऱ्याने सांगितले. सांगताना तो हसत होता, हे लपवत नाही. मी खाली येऊ शकत नाही म्हणून माझ्या जागी तू पहिला चरण म्हणायला उभा राहिलास, आणि त्याने बटण दाबून माझे ध्वनिमुद्रण सुरू केले. वर तुला म्हणाला, "अण्णांचा आवाज हाय ना, तू मागं ऱ्हा." तू टाळ पायरीवर ठेवलेस आणि निघून गेलास. तेव्हापासून तू देवळातही नाहीस आणि माझ्या दारातही नाहीस.

आपल्या घराण्याचा आचार तुला ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण तू रागाने हे पत्र हाती धरणार नाहीस, क्षितिजाच वाचून दाखवील आणि तिलाही तो नीट कळावा. मिठागरावर राबणाऱ्या आपल्या आजोबांनी देवीचे पहाटेचे पद रचले. त्याचा पहिला चरण आपल्या घरातील ज्येष्ठाने एकट्याने म्हणायचा, मग गावाने झील धरायची, म्हणजे मागून तोच चरण सर्वांनी मिळून उचलायचा. आणि मानकऱ्याचा आवाज देवळात आहे तोवर दुसऱ्या कोणी पहिला चरण उचलायचा नाही. आजोबांनंतर आपले वडील, त्यांच्यानंतर मी, माझ्यानंतर तू. यात मी काही बदललेले नाही.

माझी अवस्था पाहा. आश्विनात इमारतीची लिफ्ट बंद पडली. मी आठव्या मजल्यावर, गुडघे जिना मानत नाहीत. तुझी वहिनी गेल्यापासून घरात बोलायलाही कोणी नाही. खिडकीच्या जाळीतून देवळाचा कळस दिसतो, पण तिथे पोहोचता येत नाही. निवृत्तीनंतर हौसेने शिकलेले संगणकावरचे ध्वनिमुद्रण तेव्हा कामी आले. कपाटाच्या दारावर गोधडी टांगली, म्हणजे खोली घुमत नाही. टाळांना फडके गुंडाळले. शेजारचा कुकर आणि पाण्याचा पंप दोन्ही गप्प असतील अशी दुपारची वेळ धरली आणि पद मुद्रित करून पेन ड्राइव्हवर गुणवंताकडे पाठवले. देवीच्या सेवेत खंड पडू नये, एवढाच हेतू होता.

लोक म्हणतात, अण्णांचा आवाज इतका निर्मळ कधीच नव्हता. तू तेवढा रुसलास. जत्रा चैत्री पौर्णिमेला आहे. त्या पहाटे पहिला चरण कोण म्हणणार, हे आपण दोघांनी बसून ठरवू. तू ये. तुझे पाय चांगले आहेत.

तुझा,
दादा

*

पेणकरपाडा,
फाल्गुन शुद्ध एकादशी

चि. काशीनाथ यास अनेक आशीर्वाद.

तू आला नाहीस, क्षितिजाला पाठवलेस. पोर आठ जिने चढून आली, धापा टाकत पंख्याखाली बसली आणि म्हणाली, "मोठे बाबा, तुमच्या बिल्डिंगमध्ये पेपर टाकणाऱ्याला पेन्शन द्यायला हवी." मी पुष्कळ दिवसांनी हसलो. मग तिने तुझा निरोप सांगितला. सांगू की नको असे तिचे चालले होते. मीच म्हटले, शब्द न बदलता सांग.

"बाबा म्हणाले, दादाला सांग, तू मेल्यावरसुद्धा आम्हाला मागेच उभं ठेवणार."

काशीनाथ, हे वाक्य माझ्या घरात राहायला आले आहे.

मी तुला शास्त्राने उत्तर देणार होतो. नाद हे ब्रह्माचेच रूप, कंठ हे केवळ साधन आणि यंत्र हेही साधनच, मग एका साधनाच्या जागी दुसरे आले तर आचार कुठे मोडला, असा सारा युक्तिवाद मनात रचून ठेवला होता. क्षितिजापुढे तो बोलूनही दाखवला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पण मग हे बंद कधी होणार?" इतकी वर्षे मुलांना संस्कृत शिकवले, पण वर्गात असा प्रश्न मला कोणी घातला नव्हता. मनुष्याचा कंठ वयाने थकतो, आणि म्हणूनच मान पुढच्याकडे जातो. हे यंत्र थकत नाही. आजोबांनी नियम घातला तेव्हा आवाज माणसावाचून देवळात राहू शकेल हे त्यांच्या ध्यानीमनी नसणार. माझ्याही नव्हते. निदान प्रथम नव्हते.

आणखी एक सांगतो. या कामात मला गोडी लागली. पडद्यावर आपला आवाज डोंगररांगेसारखा दिसतो. दोन शब्दांच्या मधे श्वासाची एक बारीक टेकडी असते. ती निवडायची आणि कापून टाकायची. स्वर किंचित उतरला असेल तर बोटाने वर सरकवायचा. मी मूळ पट्टीही चढवली, तरुणपणी गात असे तेवढी. मग झिलेच्या जागी माझाच आवाज अनेकदा भरला, एकावर एक. एकटा मीच सगळे गाव झालो. ऐकताना ऊर भरून येई. त्या आनंदात देवी किती होती आणि मी किती, याचा निवाडा तिच्यावर सोपवतो.

आता पहाटे खालून तो आवाज येतो आणि मी अंथरुणात पडून ऐकतो. रोज तीच तान त्याच जागी वळते. मागून झील उठते, तीही माझीच. मंडळींपैकी फारसे कोणी आता येत नाही असे कळते. यायचे कशाला, सगळे ध्वनिक्षेपकाच्या पेटीत भरलेलेच आहे. खिडकी लावून घेतली तरी आवाज आत येतो. स्वतःचाच आवाज स्वतःला इतका नकोसा होईल, असे मला कधी वाटले नव्हते.

जाताना क्षितिजाने मोबाइल पुढे धरला. म्हणाली, एक ओळ म्हणा, बाबांना ऐकवते, त्यांचा राग जाईल. मी घसा बसल्याचे कारण सांगितले.

तुझा,
दादा

*

पेणकरपाडा,
फाल्गुन वद्य नवमी

चि. काशीनाथ यास आशीर्वाद.

लिफ्ट सुरू झाली.

सोसायटीचे सचिव परेशभाई पेढे घेऊन आले. "काका, अब तो आप फ्री हो गए. देवीमाँ के सामने लाइव प्रोग्राम," असे म्हणून त्यांनी माझा हात दाबला. मी पेढा हातात घेऊन तसाच बसून राहिलो. बंद लिफ्टने मला किती सांभाळले होते, हे तेव्हा उमगले.

त्याच संध्याकाळी गुणवंत आला. जत्रेला मी स्वतः बसून पद म्हणायचे, असे मंडळाचे ठरले आहे. आवाज ऐकून लांबून लोक येणार म्हणाला, उत्तनहून कोळीवाड्यातले भजनीसुद्धा. मी प्रकृतीचे निमित्त केले. त्याने क्षणभरही वाईट वाटून घेतले नाही. "मग तुमी नुस्तं बसा अण्णा. पेन ड्राइव्ह हाय. तोंड हलवा फक्त."

तोंड हलवा फक्त. देवीपुढे.

आता खरे लिहितो. गेल्या दसऱ्यापासून माझा आवाज गेला आहे. कानघशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिले, कंठातली एक स्वररज्जू हलत नाही म्हणाले, या वयात ती पुन्हा हलेल याची आशा धरू नका. बोलता येते, पण स्वर धरायला गेलो की नुसता वारा बाहेर पडतो. लिफ्ट त्यानंतर बंद पडली. मी खाली येत नाही ते गुडघ्यांमुळे, असे सगळ्यांना वाटले आणि मी वाटू दिले. गुडघे खरोखरच दुखतात. पण दोन माणसांनी खुर्चीत बसवून मला कधीही खाली नेले असते. परेशभाईंनी तसे विचारलेही होते.

ते मुद्रण एका दमात गायलेले नाही. एका दुपारी एखादे अक्षर बरे निघे, दुसऱ्या दुपारी दुसरे. कधी अख्खी दुपार एका मात्रेसाठी जाई आणि ती मात्राही टाकाऊ निघे. असे निवडलेले तुकडे जोडून, घासून, उचलून मी तो चरण बांधला. ज्याला लोक अण्णांचा आवाज म्हणतात, तो कोणाच्याही कंठातून कधी निघालेला नाही.

तुला हे आधीच सांगता आले असते. दसऱ्यालाच मान तुझ्याकडे यायला हवा होता. नाही सांगितले, कारण मान गेल्यावर माझ्याजवळ काय उरते, हे मला दिसत नव्हते. शाळा सुटली, पत्नी गेली, जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या. पहाटेचा तो एक चरण तेवढा माझा म्हणून होता.

यातून बाहेर पडायला मला वाट दिसत नाही. गेलो तर उघडा पडतो. न गेलो तर यंत्र गात राहते, आणि तू बाहेरच.

दादा

*

पेणकरपाडा,
चैत्र शुद्ध दशमी

चि. काशीनाथ यास आशीर्वाद.

मागच्या पत्रालाही तुझे उत्तर नाही. क्षितिजाने मात्र फोन केला. तू ते पत्र तिच्या हातून ओढून घेतलेस आणि स्वतः वाचलेस, एवढेच तिने सांगितले. पुढे काय झाले ते तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही.

मी गुणवंताला बोलावून पेन ड्राइव्ह परत मागितला. मान काशीनाथला द्यायचा आहे, हे मुद्रण आता थांबव, म्हटले. आवाज गेल्याचे मात्र त्याला सांगितले नाही. त्याने खळखळ न करता लगेच काढून दिला आणि तुळशीपत्राइतक्या भक्तीने माझ्या तळहातावर ठेवला. वर म्हणाला, "ठेवा अण्णा. पेटीत कॉपी हाय. मंडळाच्या ग्रुपवर बी टाकलाय." मग त्याने हौसेने माहिती पुरवली. शांती नगरातल्या एका मंदिरात तो आवाज पहाटे लावतात. कोणी मोबाइलची घंटा केली आहे. एका रिक्षावाल्याने त्याखाली ढोल भरला आहे आणि ते गुणवंताला विशेष आवडले आहे.

त्याला मी आपला नियम सांगून पाहिला, की मानकऱ्याने आपणहून सोडल्यावर मान पुढे जातो. तो डोके खाजवत म्हणाला, "तुमी सोडलात, पण आवाजानं कुठं सोडलाय? काशीनाथ उभा ऱ्हायला आनि लोकांनी बटण दाबाया सांगितलं, तर मी न्हाय कसा म्हनू?" तो वाईट मनाचा नाही. तो फक्त नियम पाळतो, आणि नियमाच्या दारात मीच यंत्र आडवे टाकले आहे.

तेव्हा निश्चय केला आहे. पौर्णिमेच्या पहाटे मी खाली जाईन आणि सर्वांदेखत माझ्या कंठाने पहिला चरण म्हणेन. जसा निघेल तसा. मानकऱ्याचा खरा आवाज काय उरला आहे हे गावाने कानांनी ऐकले, म्हणजे बाकी सारे खोटे ठरेल आणि तुझी वाट मोकळी होईल. सांगून कोणी ऐकत नाही. ऐकवून पाहतो.

भीती वाटते. आजही दुपारी गोधडीआड उभा राहून म्हणून पाहिले. शेजारच्या बाईंनी दार वाजवून विचारले, काका, बरं वाटत नाही का.

तू यावेस असे वाटते. आणि ती फजिती तू तरी पाहू नयेस असेही वाटते. तुला योग्य दिसेल ते कर.

दादा

*

पेणकरपाडा,
चैत्र वद्य तृतीया

चि. काशीनाथ यास दादाचे अनेकानेक आशीर्वाद.

तू प्रसाद घेतलास आणि एक शब्द न बोलता निघून गेलास. जे झाले ते तू डोळ्यांनी पाहिले आहेस. पण मी जिथे बसलो होतो तिथून ते कसे दिसले, ते चंद्रावतीला आणि क्षितिजाला कळावे म्हणून लिहितो. त्या दोघी मागे बायकांत होत्या आणि पुढचे त्यांना दिसले नसणार.

मी स्नान करून, धूत वस्त्र नेसून लिफ्टने खाली आलो. परेशभाईंनी दार धरले होते. देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. गुणवंताने मला पुढे बसवले, माइक तोंडाशी आणला आणि कानाशी लागून म्हणाला, काळजी नको, अडलं तर पेटी तयार हाय. ती बंद ठेव म्हणून मी त्याला बजावले. त्याला ते माझ्या विनयाचे लक्षण वाटले असावे.

देवीकडे पाहून मी पहिला शब्द उचलला. जे निघाले त्याला आवाज म्हणता येणार नाही. सायकलच्या ट्यूबमधून निघावी तशी हवा निघाली आणि माइकने ती सगळ्या गावावर सोडली. पोरे फिसकन हसली. कोणी म्हणाले, माइक गेला वाटतं. मी तसाच पुढे म्हणत राहिलो. दुसऱ्या शब्दाला खोकला आला.

तेव्हा गुणवंताने, मला वाचवायच्या सद्भावनेने, बटण दाबले.

माझ्या डोक्यावरून तो आवाज आला. चढ्या पट्टीत, निर्मळ, श्वास नसलेला. समोर मी, तोंड उघडे, एका हाताने छाती धरलेली. पुढच्या रांगेतल्या मंडळींनी एकदा कर्ण्याकडे पाहिले आणि एकदा माझ्या ओठांकडे. त्यांचे चेहरे बदलताना मी पाहिले. बंद कर, बंद कर, असे मी म्हणत होतो, पण माझाच आवाज माझ्यावरून वाहत होता आणि त्यात मी कोणालाच ऐकू येत नव्हतो. काशीनाथ, इतके कोंडल्यासारखे मला त्या आठव्या मजल्यावरही कधी झाले नव्हते.

मग गर्दीतून कोणीतरी आले आणि पेटीची वायर भिंतीतून उपटली. खाली वाकलेल्या पाठीवरून मी तुला ओळखले.

चढा आवाज मधेच तुटला. कोणाच्या तरी हातातली घंटा तेवढी हलली. तू माझ्याकडे वळलास आणि हळूच म्हणालास, "दादा, बस आता."

त्या शब्दांत काय होते ते मी अजून पुरते उलगडलेले नाही. राग होता, आणि राग नव्हताही. मी मागे सरकलो. तू माझ्या जागेवर बसला नाहीस, उभ्यानेच सुरुवात केलीस. आणि तू पद खालच्या पट्टीत घेतलेस. इतके खाली, की प्रथम मला वाटले तुला सूर सापडला नाही. गुणवंतालाही तसेच वाटले. चरण संपल्यावर तो पटकन बोलून गेला, "काशीनाथ, पट्टी उतरली की रं." तू मान न वळवता म्हणालास, "उतरली न्हाय, उतरवलीय. मागं म्हातारी मानसं हायत." लोक हसले. आधी जे हसले होते ते हसणे आणि हे हसणे, यांत फार अंतर होते.

मग झील उठली. एवढी माणसे झील धरताना मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. पुरुष होते, बायका होत्या, मघाची पोरे होती. चढ्या पट्टीत मी म्हणत असे तेव्हा अर्धे गाव ओठ मिटून का उभे असे, याचे कारण ते भक्तीत गुंग होत असे मी समजत आलो. त्यांना तिथवर पोहोचताच येत नव्हते. हे मला कोणी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

दुसऱ्यांदा झील आली तेव्हा मीही म्हटले. वाराच होता, पण इतक्या जणांत त्याचे कोणाला काही वाटले नाही. माझ्या शेजारी उत्तनचे एक वृद्ध भजनी होते. त्यांनी आपले टाळ माझ्या हातात दिले, आणि उरलेले पद ते मांडीवर थाप देत म्हणत राहिले.

जन्मभर पुढे बसलेला मी, तुझ्या मागून तुझा चरण म्हणत होतो.

आता पुढचे. ते मुद्रण कुठे कुठे वाजतच राहील, ते माझ्या हातात नाही. काल संध्याकाळी खालच्या रस्त्यावरून ते ढोल भरलेले मुद्रण वाजवत एक रिक्षा गेली. मी संगणक झाकून ठेवला आहे, आणि तो उघडायचा मोह दुपारी होतो, तेही लपवत नाही. गुडघे तसेच आहेत, घसा तसाच आहे. गावात माझ्याविषयी काय बोलतात ते डब्याच्या बाई सांगत नाहीत, यावरून ते कळते. ते मला भोगायचे आहे.

तू बोलावेस असा आग्रह नाही. मान तुझा आहे. तो तू मागितलास म्हणून नाही आणि मी दिला म्हणूनही नाही. त्या पहाटे गाव तुझ्या मागून बोलले, म्हणून. तेव्हा उद्याही खालच्याच पट्टीत घे. लोक म्हणतील चढव, तरी चढवू नकोस.

चंद्रावतीच्या हातांना यश असो, क्षितिजाचे पाय असेच जिने चढते राहोत, तुझा कंठ देवी राखो. आणि हे पत्र ज्यांच्या ज्यांच्या हाती पडेल, जे हे मोठ्याने वाचतील, जे मनात वाचतील, त्या सर्वांना सोबत गाणारी माणसे मिळोत. त्यांचा स्वर थकेल तेव्हा कोणीतरी जवळ उभे असो, आणि त्यांच्या श्वासावर जगन्मातेची कृपा राहो.

तुझा,
दादा